गारगोटीला निघालेला कंप्युटर

कढीपत्ता मागणं हे आपलं निमित्त. शेजारच्या दारात जीप कशाला थांबलीय, हे बघायलाच शालूबाई भर दुपारी भैरवीवहिनींच्या घरात शिरल्या होत्या.

आतल्या खोलीत क्रांती मॅडम वायरी गुंडाळत होत्या. गारगोटीकडच्या एका शाळेत त्या शिकवायच्या. तिथल्या साठ पोरींनी कंप्युटर पाहिलेला तो पुस्तकातल्या चित्रात. म्हणून गेल्या साली वारलेल्या नवऱ्याचा, गुरुप्रसादांचा कंप्युटर वहिनी त्या शाळेला देत होत्या.

शालूबाईंनी वहिनींचा दंड धरला. "वहिनी, दहाव्याला कावळा शिवंना झालता, इसरलासा व्हय?"

विसरणार कोण? पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवून दोन तास झाले, तरी एक कावळा फिरकेना. शेवटी थोरले दीर अंबादास हात जोडून म्हणाले, "गुरू, तुझ्या कंप्युटरला कुणी हात लावणार नाही." बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर!

"तो शब्द भावजींनी दिला, मी नाही," वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षं या घरात मला त्याची धूळसुद्धा पुसू दिली नाही ह्यांनी. आता पुरे."

तेवढ्यात सीपीयूमधून घरघर सुरू झाली. बारीक, संथ. क्रांती मॅडम जागच्या जागी थिजल्या. त्याची वायर तर त्यांच्या हातात होती...

खोलीत गुरुप्रसादांच्या तंबाखूचा वास पसरला. कीबोर्डवरच्या प्लास्टिकच्या कव्हराखाली एकेक बटण दबत होतं, वर येत होतं. एका बोटानं टाईप करणाऱ्या माणसासारखं.

"वहिनी... ऱ्हाऊ दे की..." शालूबाई पुटपुटल्या.

वहिनींचे ओठ पांढरे पडले. तरी त्या पुढं झाल्या आणि कीबोर्डवर दोन्ही तळवे दाबून धरले. खालून बटणं ढुसण्या देत राहिली.

"साठ पोरी बसतील याच्यासमोर," त्या दातावर दात दाबून म्हणाल्या. "एकेकीला हाकला बघू!"

घरघर वाढली. मग शालूबाईंच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! पदर खोचून त्यांनी सीपीयू उचलला. बर्फासारखा गार, आणि दळणाच्या पोत्याएवढा जड.

"व्हा बाजूला, गुरुभावजी! जित्तेपणी बायकूला हात लावू दिला न्हाई तुमी. आता शेजारीण नेतीया. या की आडवं!"

कुणी आडवं आलं नाही. बाकीचं क्रांती मॅडमनी उचललं. जीप वळली, तशी घरघर ऐकू येईनाशी झाली.

दोघी आत आल्या. वहिनींनी टेबल पुसलं, आणि नवऱ्याच्या खुर्चीत जन्मात पहिल्यांदा बसल्या. बसल्या तशा दचकून अर्ध्या उठल्या.

"काय वो?"

"गरम आहे..."

शालूबाईंनी बैठकीला हात लावला. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊब होती.

वहिनी खुर्चीकडं क्षणभर बघत राहिल्या. मग परत बसल्या. पाय वर घेऊन, पाठ टेकून, चांगल्या ऐसपैस.

दिवेलागण झाली. खुर्ची काही गार झाली नाही. वहिनीही उठल्या नाहीत.