केशवदादाचं पान

अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सकाळी सिंधूताई प्रताप नगरच्या चौकात घागरी घ्यायला गेल्या, तेव्हा दुकानं अजून उघडायची होती आणि ऊन मात्र दुकान मांडून बसलं होतं. नागपूरच्या उन्हाला कोणाची वाट पाहायची सवय नाही. सिंधूताईंनी प्रत्येक घागर बोटानं टिचकी मारून पारखली, कुंभारणीशी थोडी हुज्जत घातली आणि दोन घागरी, एक खरबूज, पळसाच्या पत्रावळी असा सगळा ऐवज रिक्षात घालून त्या घरी परतल्या. पाहणाऱ्याला ही सणाची लगबग वाटली असती. त्यांचं लक्ष मात्र सणात नव्हतं, कारण आज दुपारी त्यांच्याकडे पियूष पहिल्यांदाच जेवायला यायचा होता, आणि त्यांनी त्याला अजून पाहिलंही नव्हतं.

पियूष म्हणजे मोहितचा... आता काय म्हणायचं? सिंधूताईंना त्यासाठी शब्द सापडत नव्हता आणि शब्दावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. मोहित त्यांचा एकुलता एक मुलगा, मिहानमधल्या एका कंपनीत कामाला. दिवाळीत त्यानं आईवडिलांना समोर बसवून सांगितलं, की माझं पियूषवर प्रेम आहे, मी दुसऱ्या कोणाशी लग्न करणार नाही. सिंधूताई दोन दिवस रडल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोरगा जेवते काय आवडीनं?" देवराव रडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "त्याले घेऊन या दारात दिसू नको." मोहितही बापाचाच मुलगा. त्यानं हिंगण्याला खोली घेतली ती घेतलीच.

घर सुनं झालं याचं दुःख होतंच, पण सिंधूताईंना खरी लागली होती ती वेगळीच गोष्ट. देव्हारा लहानपणापासून मोहितकडे. आंघोळ झाली की आधी दिवा, मग चहा. शनिवारी मारुतीला गेल्याशिवाय घास नाही. तोच मोहित एकदा फोनवर म्हणाला, "आई, खोलीवर देव नाही ठेवले मी. माह्या हातचा दिवा देवाले चालते का नाही, मले समजूनच नाही राहिलं." फोन ठेवल्यावर सिंधूताईंना देवाचा नाही, नवऱ्याचा राग आला. देव काही बोलला नव्हता. बोलले होते ते देवराव.

आता अखजीला पितरं जेवायला येतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. त्या दिवशी घागर भरायची आणि गेलेल्याच्या नावानं पानावर माणूस बसवायचा. सवाष्णीच्या पानावर सवाष्ण, म्हाताऱ्याच्या पानावर म्हातारा. देवरावांचे थोरले भाऊ केशवदादा लग्नाआधीच, ऐन तारुण्यात ऊन लागून गेले. म्हणून त्यांच्या पानावर बिनलग्नाचा तरुण लागे. इतकी वर्षं शेजारचा रोशन हौसेनं येऊन जेवून जायचा. यंदा फाल्गुनात त्याचं लग्न झालं आणि पान रिकामं पडलं.

सिंधूताईंनी सणाच्या आठ दिवस आधीच ती संधी साधली. "बिनलग्नाचा एक पोरगा पाहून ठेवला मी," त्या पोळी वाढताना म्हणाल्या. "मोहितच्या ओळखीचा."

देवरावांचा घास हातातच राहिला. "तोच का?"

"पाहुणा म्हणून नाही येऊन राहिला तो. केशवदादाच्या पानावर येऊन राहिला. पितराले दारातून परत धाडता का तुम्ही?"

भावाच्या बाबतीत देवराव हळवे होते आणि बायकोला ते पक्कं ठाऊक होतं. ताट बाजूला सारून ते म्हणाले, "जेवन अन् जाईन. मोहितनं आत यायचं नाही. सोडाले आला तर फाटकाबाहेर थांबन."

त्या घराची आणखी एक रीत होती. पानावर बसलेल्याला नाव विचारायचं नाही, त्याच्या नावानं हाक मारायची नाही. ज्याचं पान, तोच तो. सिंधूताईंना वाटलं, बरंच आहे, 'पियूष' हे नाव कानावर पडलं नाही तर यांचं रक्तही उसळणार नाही.

दुपार झाली. पुरण, वडे, कढी, कुरडया, चिंचेचं गोड पाणी, सगळं तयार होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घराघरातून कूलरची घरघर येत होती आणि ओल्या वाळ्याचा वास बैठकीत भरून राहिला होता. आणि ऐन बाराला वीज गेली. आपला कूलर थांबला, शेजारचा थांबला, एकेक करत सगळ्या गल्लीचे थांबले. मग जी शांतता पसरली, ती काही साधी नव्हती. देव्हाऱ्यातल्या वातीची चरचरसुद्धा त्या शांततेत ऐकू येत होती. पाहता पाहता तीही वात विझली. वारा मात्र कुठेच नव्हता.

सिंधूताईंनी दाराकडे पाहिलं. फाटकापाशी एक तरुण उभा होता.

गाडीचा आवाज आला नव्हता. या दिवसांत नागपुरात कोणी तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही, आणि हा उघड्या डोक्यानं उभा. सडपातळ, सावळा, चेहरा गोड. अंगावर पांढरा सदरा. घामाचा एक थेंब नाही.

"येऊ का?" त्यानं विचारलं.

"ये ना बापा! उन्हात काहून उभा आहे?" सिंधूताई लगबगीनं पुढे झाल्या. मनात म्हणाल्या, पोरगा चांगला आहे हो दिसायला, जरा वाळका आहे एवढंच.

रितीप्रमाणे त्यांनी पायरीवर त्याच्या पायांवर पाणी घातलं. तापल्या तव्यावर पडावं तसं ते पाणी चर्रकन आटलं. फरशी तापली असेल, त्यांनी स्वतःची समजूत काढली. पण ती पायरी सावलीत होती.

तो पानावर बसला. त्याच्याबरोबर घरात एक वास आला होता, भाजलेल्या मातीचा, आणि वाळ्याचा वास त्याखाली पार दबून गेला. देवराव वाढायला आले ते कपाळाला आठ्या घालूनच. त्यांनी मान वर केली नाही. पान म्हणून वाढायचं, माणूस म्हणून पाहायचं नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं. तो मात्र त्यांच्याकडेच टक लावून पाहत होता, आणि त्या नजरेत इतकी माया होती, की सिंधूताईंना आपणच चोरून काहीतरी पाहतो आहोत असं वाटलं.

"पाणी," तो म्हणाला.

देवरावांनी नव्या घागरीतून पेला भरून दिला. त्यानं तो एका दमात संपवला. "आणखी..." पुन्हा भरला. पुन्हा संपला. घागर तळाला गेली तरी त्याचे ओठ कोरडेच होते.

"लय मोठा झाला गा तू," तो हळूच म्हणाला.

देवरावांनी कढीची पळी पातेल्यात परत ठेवली. पानावर बसलेला पितराच्या तोंडचं बोलतो, आशीर्वाद देतो, हेही रितीतलंच. रोशनसुद्धा दरवर्षी "सुखी राहा" म्हणायचा आणि मग खुदकन हसायचा. हा हसला नाही.

"पुरण घ्या, दादा," देवराव कसेबसे म्हणाले.

"घास नाही उतरत... बाहेर एक जण उभा आहे."

मोहित! लेकरू फाटकाबाहेर भर उन्हात! सिंधूताई उठणार, तोच देवरावांनी हातानं थांबवलं.

"राहू दे त्याले," देवराव म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"त्याले येऊ नको म्हटलं होतं ना... याच दारातून." तरुणाचा आवाज अगदी खाली आला होता. "तो तसाच उभा आहे, देवा. मी किती डाव म्हटलं, चाल. नाही म्हणते. घरच्यानं बोलावलं तर येईन, म्हणते... लय ऊन आहे गा बाहेर."

सिंधूताईंनी मारुतीपासून ग्रामदेवतेपर्यंत सगळ्यांना हात जोडून घेतले. एवढं एक बोला, त्या मनात नवऱ्याला म्हणत होत्या, एवढंच एक बोला आणि मग आयुष्यभर माझ्याशी भांडा.

"माह्या तोंडाले हाड नव्हतं त्या दिवशी," देवराव शेवटी म्हणाले. "बोलाव त्याले आत. तुम्ही दोघंही याच घरचे. आता या घरातून कोणी कोणाले बाहेर उभं नाही ठेवणार. मी सांगतो ना."

तेव्हा तो हसला. उठला, वाकलेल्या देवरावांच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला आणि "आणतो त्याले" म्हणून बाहेर गेला. सिंधूताईंनी डोळे पुसत घाईघाईनं शेजारी दुसरं पान मांडलं, सगळं वाढलं, आणि दोघं दाराकडे पाहत बसले.

थोड्या वेळानं गल्लीत मोटारसायकलचा आवाज आला.

गाडीवरून दोघं उतरले. दुपट्टे सोडले. एक मोहित. दुसरा गोल चेहऱ्याचा, चष्म्यावर धूळ, घामानं निथळलेला, हातात आंब्यांची पिशवी.

"आई, उशीर झाला वं," मोहित फाटकाबाहेरूनच म्हणाला. "रस्त्यात गाडी पंचर झाली. हा पियूष. याले जेवू घाल, मी इथंच थांबतो."

सिंधूताई उठून उभ्या राहिल्या.

देवराव दारात आले. "तू... आत्ताच आला? मघापासून इथं नव्हता उभा?"

"आत्ताच तर येऊन राहिलो, बाबा. काहून?"

देवराव पायरीवर बसले. "सुखदेव," ते पुटपुटले, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन सिंधूताईंनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. "दादाचा दोस्त. एका सायकलवर मिलमधी जायचे. संगं राहतो म्हणत होते... आमच्या बाबानं त्याले याच दारातून हाकललं, अशाच दुपारी. दादा त्याच्या मागं पळाला, उघड्या डोक्यानं. संध्याकाळी झाडाखाली सापडला. सुखदेव तर कुठंच नाही सापडला. त्याचं पान कधी मांडलंच नाही आम्ही."

सिंधूताईंना भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर भुताची कमी आणि नवऱ्याची जास्त. दिलेला शब्द भलत्यालाच गेला होता. हा हट्टी माणूस आता म्हणाला असता, की मी ते पोराला म्हटलंच नव्हतं, तर त्याला कोण अडवणार होतं?

देवरावांनी मान वर केली. फाटकाबाहेर मोहित हेल्मेट हातात घेऊन उभा होता. दुपट्टा गळ्यात. डोक्यावर रणरणतं ऊन.

"डोकं झाक," देवराव ओरडले. इतके मोठ्यानं, की पियूष दचकून मागे सरला. "डोकं झाक आधी! अन् आत ये. दोघंही या, लवकर या... ऊन लागन रे लेकरा."

मोहित आत आला आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकवून रडला. देवराव त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि पियूषला म्हणाले, "तू काय पाहून राहिला? बस पानावर. नाही, ते नाही. ते दोन त्याईचे आहेत. वं, आणखी मांड."

देव्हाऱ्याकडे बोट दाखवून ते मोहितला म्हणाले, "दिवा विझला आहे. लाव."

"बाबा... माह्या हातानं?"

"तुह्या हातानं नाही तर कोणाच्या? मले वात तरी येते का वळता?"

मोहितनं हात धुतले, वात सारखी केली, दिवा लावला. ज्योत सरळ उभी राहिली. त्याच वेळी वीज आली आणि गल्लीतले सगळे कूलर एकदम घरघरू लागले.

जेवणं झाली. पियूषनं वडे मागून घेतले, यावर सिंधूताई भलत्याच खूश झाल्या. ऊन उतरल्यावर ती दोघं निघाली. पुढच्या रविवारी यायचं, असा हुकूम देवरावांनीच दिला. गाडीवर बसता बसता पियूष म्हणाला, "काकू, मघाशी तुमच्या फाटकापाशी दोघं होते, ते आले नाहीत का जेवाले? एक जण तर आम्हाले हसून म्हणाला, जा आत, आता कोणी काही म्हणत नाही."

"अन् दुसरा?" सिंधूताईंनी विचारलं.

"त्याचं तोंडच नाही दिसलं. घराकडं पाठ करून उभा होता. पण काकू... आम्ही समोरून आलो, बाजूनं गेलो, आत शिरताना मी वळूनही पाहिलं... कुठूनही पाहा, त्याची पाठच दिसे."

गाडी गेली. देवराव फाटकापर्यंत गेले आणि कडी न लावताच परत आले. मागच्या अंगणात झाडांना पाणी घालायला निघून गेले. सिंधूताई सुखदेवचं ते दुसरं पान उचलायला बैठकीत आल्या. पान चाटून पुसून स्वच्छ झालं होतं.

आणि कूलरच्या बाजूच्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. भिंतीकडे तोंड करून, पाठमोरं.

सिंधूताईंच्या अगदी ओठांवर किंकाळी आली होती. पण घरच्या माणसानं बोलावलेलं माणूस होतं ते. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि जमेल तितक्या मायेनं म्हणाल्या,

"बसा, भाऊजी. आता आपलंच घर आहे... चहा टाकते."

तसं ते डोकं, हळूहळू, त्यांच्याकडे वळायला लागलं.