मावशीची भाषा

"मावशी, उद्या तू आमच्या रांगेत चालू नकोस!"

इस्त्री मावशीच्या हातातच थबकली. लेकीच्याच पोशाखाची शेवटची चुणी मोडायची राहिली होती… राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत प्रत्येक भाषेचे लोक आपापल्या पोशाखात, आपापलं गाणं म्हणत चालत; आणि मावशी, लेकीची सावत्र आई, जन्माने परभाषिक, आईवेगळ्या तान्हीला सांभाळायला दुसरेपणावर या घरात आली तेव्हापासून नवऱ्याच्याच माणसांत चालत आली होती.

"बाबा होते तोवर ठीक होतं," लेक नजर चुकवत म्हणाली. "आता लोक विचारतात, ही कोण?"

टिपं गाळत बसणं मावशीच्या रक्तातच नव्हतं. चुणी मोडून तिने पोशाखाची घडी लेकीच्या हाती दिली.

"बरं. मी माझ्या माणसांत चालेन. पण चालणार मात्र नक्की!"

सकाळी ती लग्नाआधीचा, दंडात काचणारा पोशाख घालून, मान ताठ ठेवून आपल्या लोकांत उभी राहिली. गाणं सुरू झालं… आणि मावशीचे ओठ उघडलेच नाहीत!

"बघ आत्या, स्वतःच्या गाण्यालाही गप्प! केवढा हा हट्ट!" पलीकडच्या रांगेतून लेक फणकारली.

"हट्ट कसला, विसरलीय ती!" आत्याला आता राहवेना. "तुला तुझ्या आईच्या भाषेत अंगाई कुणी म्हटली?"

"मावशीने. तिला आपली भाषा येतेच की."

"येते? लग्नात तिला साधं पाणी मागता येत नव्हतं! रोज दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बसून घोकायची. म्हणायची, 'पोरीची आई गेली, निदान आईची भाषा तरी जाऊ नये.' तुझ्यापायी स्वतःची बोली तिने या घरात कधी तोंडातून काढली नाही गं!"

रांग मोडून लेक धावत सुटली…

"मावशी! चुकले मी… चल, आपल्या रांगेत चल!"

मावशीचे डोळे भरून आले, पण पाय हलले नाहीत.

"नाही बाळ. तुमच्यात चालले ते आनंदाने, कुणी लादलं नव्हतं. पण माझी भाषा माझ्याच जिभेला परकी व्हावी, हे मला सोसवत नाही. आज मी इथूनच चालणार."

"मग मीही इथेच! मला शिकव."

"आंधळ्याने आंधळ्याला काय वाट दाखवायची!"

पुढची एक म्हातारी गर्रकन वळली. "वाटेत गप्पा कसल्या? म्हणा माझ्यामागून!"

दोघी अडखळत, एकमेकींचा हात घट्ट धरून म्हणू लागल्या. लेकीचे उच्चार ऐकून आजूबाजूला खसखस पिकली. मावशीने एकदाच असं वळून पाहिलं, की सगळे चिडीचूप!

चौकाच्या वळणावर म्हातारीला दम लागला, ती थांबली… आणि पुढची ओळ मावशीच्या ओठांवर आपसूक आली. लेकीने ती तिच्यामागून म्हटली.