मागची भिंत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. अकेयो माझ्या थोरल्या भावाची मुलगी. किसुमूच्या इस्पितळात यंत्राने हृदयाची चित्रं काढते. तोंडाने फटकळ, पण थापा मारणाऱ्यातली नाही.

गेल्या ऑगस्टातला दुसरा गुरुवार. न्याम्बोक मास्तरांचं हृदय थकलं होतं. एक भिंत आधी हलायची, दुसरी मागून रेंगाळत यायची. दोन्ही एकदम हलवणारं यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत बसवायचं होतं. त्याच्या तीन तारांतली एक कुठल्या भिंतीवर टेकवायची ते चित्र बघून ठरणार. वाळल्या व्रणावर, मेल्या भागावर, टेकवली की सगळं फुकट. मास्तरांच्या धाकट्या भावाची, ओबोन्योची, ती तार चित्र न काढताच लावली होती. तो आता अंगणातच पुरलाय. म्हणून मास्तर हटून बसलेले, "आधी चित्र, तेही माझ्या घरी. मग हात लावा!"

अकेयो बॅटरीवरचं यंत्र पाठीला बांधून, बोडाबोडावर, भाड्याच्या फटफटीवर, बसून बोंडोच्या रस्त्याने मास्तरांच्या घरी पोचली. रात्रीचे आठ वाजून गेलेले. वीज नाही. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "इकडे ये, पोरी."

खाटेवर म्हातारा पडलेला.

"मास्तर, छातीला लावायचं हे जेल गार लागेल हं. ओरडायचं नाही."

"गार?" तो हसला. "लाव."

पडद्यावर हृदय आलं. पुढची भिंत पातळ, पांढरी. हलतच नव्हती.

"श्वास धरा."

त्याने धरला. तिने पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग लक्षात आलं, सोडा म्हणायचं राहिलंच.

"सोडा की आता."

श्वास सुटला नाही.

"मास्तर?"

पडद्यावर हृदय चालू. छाती... नाही.

"माझी पुढं लावली होती." ओठ हलले नाहीत. "त्याची मागं लाव."

दारात कंदील आला. मास्तरांची सून. "अगं, इथं अंधारात काय करतेस? बाबा आत कधीचे ताटकळलेत!"

अकेयोने वळून पाहिलं. नुसती खाट. यंत्रातलं चित्रही काळं.

कोण खोकलं रे? गप बस.

आत खऱ्या मास्तरांना धड आडवं होता येईना, दम लागायचा. चित्र सगळं पुसट आलं. पुढची भिंत मेलीय की मागची, काही कळेना. सकाळी इस्पितळात यंत्र बसवणाऱ्या डॉक्टर वेकेसांनी विचारलं, "बोल, पुढं की मागं?" चुकलं तर मास्तर जाणार, आणि पोरीच्या हातात काय, तर मेल्या माणसाचा शब्द.

"मागं," ती म्हणाली.

मास्तर वाचले. महिन्याभरात शेतावर जाऊन गड्यांना शिव्या घालायला लागले. अकेयो आनंदाने रडली, मला फोन करून रडली.

परवा तपासणीला त्यांच्या छातीचा फोटो काढला, बाजूने. डॉक्टरांनी तीन तारा घातल्या होत्या.

फोटोत चार आहेत.

चौथी पुढच्या भिंतीत रुतलीय, ओबोन्योची होती तिथंच. तिचं दुसरं टोक यंत्रात नाही... खांद्यावरून वर जातं... आणि फोटोच्या बाहेर.