मामांची शिट्टी

दुपारच्या सुट्टीनंतर आभाळ काळवंडलं तेव्हा पहिलीच्या बाई खडूचा डबा शोधत होत्या. इतक्यात वादळाचा भोंगा वाजला आणि खडू राहिले बाजूला. "चला, बोळात. पळायचं नाही, ढकलायचं नाही," म्हणत त्यांनी वर्ग बाहेर काढला. पोरं खुशीत होती. गणित बुडणार असेल तर वादळ कुणाला नको असतं?

मधल्या बिनखिडक्यांच्या बोळात भिंतीला पाठ लावून, एकमेकांचे हात धरून बसायचं, ही या शाळेची रीत होती. दिवे गेले की बाईंनी शेजारच्या मुलाचा हात दाबायचा, त्याने पुढच्याचा, आणि दाब दुसऱ्या टोकाला, दारापाशी बसलेल्या शिपाईमामांपर्यंत पोचला की मामांनी शिट्टी वाजवायची. शिट्टी वाजली म्हणजे साखळी अखंड, कुणी सुटलेलं नाही. अंधारात हजेरी घेतली की पोरं एकमेकांच्या नावाने ओ देतात, म्हणून बाईंनीच ही युक्ती काढली होती. तिचा त्यांना भारी अभिमान. इतका की आज उजेड होता तोवर त्यांनी रांगेवरून नजरसुद्धा फिरवली नव्हती.

मामांनी लोखंडी दाराला आतून अडसर घातला. दिवे गेले. छपराचे पत्रे थडथडू लागले, ओल्या चुन्याचा आणि पोरांच्या घामाचा वास दाटला. बाईंनी हात दाबला. जरा वेळाने टोकाकडून शिट्टी आली आणि त्यांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"बाई... मी बाहेर राहिले..."

आवाज चिमणीचा होता. वर्गातली सगळ्यात लहान पोर, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. बाई अंधारातच दाराच्या दिशेला वळल्या.

"मामा, शिट्टी वाजवलीत ना तुम्ही?"

"हात दाबला गेला माझा, म्हणून तर वाजवली," मामा कुजबुजले. "सगळी आतच आहेत, बाई. आता दार उघडलं तर वाऱ्याने छप्पर जाईल."

"चिमणी... रांगेत आहेस ना गं?"

रांगेच्या मधून गोट्याच म्हणाला, "आहे, बाई. माझ्या शेजारी बसलीय. माझा हात धरलाय."

"मग बोलत का नाही ती?"

"माहीत नाही... हात फार गार आहे तिचा."

बाहेरून हुंदका ऐकू आला. "बाई, मी दप्तर आणायला गेले होते... मला भीती वाटतेय..."

बाई ताडकन उठल्या आणि भिंत चाचपत दाराशी पोचल्या. "मामा, अडसर काढा!"

"अहो बाई, नियम..."

"खड्ड्यात गेला तुमचा नियम! पोर मरेल बाहेर!"

दार उघडताच वारा अंगावर धावून आला. वर एक पत्रा करकरत उचलला गेला. बाईंच्या हाती एक ओलं मनगट लागलं, ते त्यांनी जिवाच्या आकांताने आत ओढलं. मामांनी खांदा लावून दार लोटलं. चिमणी बाईंच्या गळ्याला मिठी मारून रडत होती. अंग उबदार होतं, नाक वाहत होतं, जिवंत होती पोर. बाईंनाही रडू आवरेना.

मग त्यांना रांग आठवली.

"बाळांनो," त्या हळूच म्हणाल्या, "हात सोडा... सगळ्यांनी सोडा. कुणी कुणाचा धरू नका."

वादळ ओसरलं, दिवे आले. रांगेत सगळी ओळखीचीच तोंडं होती, एकही जास्त नव्हतं. बाईंनी तीन-तीनदा पाहिलं. घरची माणसं आली, चिमणी आईच्या कडेवर बसून गेली. गोट्याचे वडील सगळ्यात शेवटी आले. त्यांचं बोट धरून गोट्या फाटकाकडे निघाला. त्याचा दुसरा हात मात्र अंगापासून लांब, ताठ होता, बोटं अर्धवट मिटलेली.

बाई मागून धावत गेल्या. "गोट्या, मी हात सोडायला सांगितलं होतं ना रे?"

गोट्याने वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी केव्हाच सोडलाय, बाई... तीच सोडत नाही."