बुजलेले बारा ड्रिपर

"हे कॉफीचे ड्रिपर हायत का वाट्या?"

विशाखानं कुंभारकामाच्या फिरत्या चाकावरून मान वर केली. दारात किडकिडीत तरुण उभा. भर एप्रिलात, कंधारच्या उन्हात, पूर्ण बाह्यांचा शर्ट! तिनं घडवलेला ड्रिपर त्यानं डोळ्याला लावला होता... आणि पलीकडचं त्याला काहीच दिसत नव्हतं.

ड्रिपरात कागद ठेवायचा, कॉफीची पूड घालायची, वरून गरम पाणी सोडायचं, की खालच्या भोकातून कॉफी कपात टपकते. ग्लेजमध्ये, म्हणजे काचेसारख्या लेपात, बुडवून काढल्यावर त्या भोकात काडी फिरवायची असते. विशाखाबाई नेमकं तेच विसरल्या होत्या! भट्टीत ग्लेज वितळलं आणि बाराची बारा भोकं बुजली.

"वरण मात्र झकास वाढता येईल," तो म्हणाला. हा मन्मथ. लातूरला शिकवण्यांच्या गल्लीत त्याचं कॉफीचं छोटं दुकान होतं; हे बारा ड्रिपर त्यानंच सांगितले होते.

"हसून काय राहिलात? बुधवारी या, नवे देते."

"बुधवारी येतोच... तुम्ही नको म्हणल्या तरी."

आला. पुढच्या बुधवारीही आला. एकदा हट्टानं चाकावर बसला, तेव्हा तिनं त्याची बोटं धरून माती वर ओढायला शिकवलं. ओल्या मातीत कुणाचं बोट कुठलं, ते दोघांनाही कळेना, आणि दोघांनाही त्याची घाई नव्हती. डावा हात मात्र तो जपून वापरायचा. तिला वाटलं, लाजतोय.

एकच गोष्ट तिला टोचत होती. ती दर वेळी माठातलं पाणी पुढं करायची, आणि तो दर वेळी म्हणायचा, "नको."

लातूरहून एसटीनं तापून आलेला माणूस पाणी नको म्हणतो? विशाखाच्या आजोबांनी गावात उभा जन्म वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं होतं. ते ऐकत ती मोठी झाली होती. चौथ्या बुधवारी तिनं पेला भिंतीवर आपटला.

"आमच्या घरचं पानी चालत न्हाई, असं सरळ सांगा की!"

मन्मथचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं डाव्या बाहीचं बटण काढलं, बाही वर सरकवली. कोपराजवळ बोटाएवढी फुगलेली शीर, तिच्यावर सुयांचे व्रण.

"हात लावून बघा."

तिनं लावला. कातडीखाली चाकाच्या मोटारीसारखी घरघर चालली होती.

"दोन्ही किडन्या गेल्यात. आईची बसवली होती, ती बी टिकली न्हाई. डायलिसिसवर हाय. दिवसाला पाऊण लिटर पानी, त्यात चहा-कॉफी, वरण सगळंच आलं. तुमच्या माठाकडं बघून जीव कासावीस होतो, विशाखा."

तिला रडू फुटलं. "आधी का न्हाई सांगितलं?"

"कीव केली असती तुम्ही. आज रागावलात... लई बरं वाटलं."

बारा नवे ड्रिपर एकदाचे खोक्यात भरून तयार होते. त्यानं खोकं उचललं. "काम झालं. आता येत न्हाई मी."

तो निघाला, तेव्हा तिला स्वच्छ कळलं, की हा गेला तर आपल्या जगण्यात राम उरणार नाही.

"मन्मथ, मला तू पाहिजेस."

तो थांबला, पण वळला नाही. "किती वर्षं, ते डॉक्टर सांगत न्हाईत. मी बी विचारत न्हाई. विधवा होशील, विशाखा."

"होईन."

तिनं हातावरची माती पुसली.

"मशीन कोणत्या वारी असतं?"

"मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे आई सोबत येती."

"रविवारी नोंदणीचं ऑफिस बंद. आज लग्नाची नोटीस देऊ अन् महिन्यानंतरचा सोमवार धरू. महिना काढशील ना?"

"काढतो," तो म्हणाला. आता तो वळला. "अन् मंगळवारी?"

"मंगळवारी पहाटे तुझ्यासोबत मी येते. चार तास मीच बसते. आईला तेवढा दिवस झोपू दे."