भिंतीतली कुरकुर

"माझा नवरा गेला, पण त्याचा लॅपटॉप अजून चालतोय," ती म्हणाली.

खासगी गुप्तहेराच्या मेहुण्याच्या हातातला चहा बशीत सांडला. त्याच्या या भावोजींना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी नुसतं "बोला" म्हटलं.

तिचा नवरा रेडिओवर निवेदक होता. त्याची सगळी रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्ये होती. तो गेला आणि लॅपटॉपही बंद पडला. सासऱ्यांनी दुरुस्त करून आणला. जुनं काहीच वाचलं नाही म्हणाले.

"तरी रोज दुपारी भिंतीतून तीच कुरकुर येते. तो कामाला बसला की यायची तशी. मला त्याचा आवाज आठवेनासा झालाय, मास्तर. वेड लागायच्या आत काय ते सांगा."

तिच्या घरी मास्तरांनी लॅपटॉप सुरू केला. मेहुण्याने कान लावला. चिडीचूप.

"भूत रजेवर आहे," तो पुटपुटला.

नणंद वैतागलेली होती. "वहिनीला भास होतात. आणि बाबा! केबल कधीच काढली, तरी दुपारभर कानाला हेडफोन लावून टीव्हीपुढे बसतात. घरात शहाणी मी एकटीच."

सासऱ्यांना प्रश्न दोनदा विचारावा लागला. "कुरकुर? मला शेजारचं ड्रिलसुद्धा ऐकू येत नाही."

दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, "त्यात आता एसएसडी आहे. जुन्या हार्ड डिस्कसारखी आत तबकडी फिरत नाही, त्यामुळे आवाज नाही. काढलेला भाग आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात देतो."

मास्तरांनी सगळ्यांना सासऱ्यांच्या खोलीत बोलावलं.

"लॅपटॉप मुका आहे. म्हणजे कुरकुरते ती जुनी डिस्क, आणि ती बाबांना परत मिळाली होती. केबल नसलेल्या टीव्हीवर हेडफोन लावून माणूस काय ऐकेल? डिस्कची घरघर भिंतीपलीकडे सुनेच्या खोलीत जाते, हे त्यांना कळणार कसं? त्यांना ती ऐकूच येत नाही."

मेहुण्याने टीव्हीमागे हात घातला. वायरीला लोंबणारी डिस्कची डबी अजून कोमट होती.

म्हातारा खाली बघत राहिला. "दुरुस्तीवाला म्हणाला, ही डिस्क कधीही थांबेल, कॉपी करायला ठेवून जा. माझ्याच्याने हातातून सोडवेना. दोघांनी ऐकलं तर लवकर संपेल असं वाटलं. पोरी, मी तुझ्या वाटणीचा मुलगा चोरला."

तिला त्यांचा राग आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

डिस्क लॅपटॉपला जोडली. एकच फाइल उतरली, मग टक् टक् झालं आणि तबकडी कायमची थांबली.

तिने सासऱ्यांना शेजारी बसवलं, आवाज पूर्ण वाढवला आणि फाइल लावली. कार्यक्रमाआधीची माइकची चाचणी होती. एक खोकला, मग तो.

"हॅलो, हॅलो. येतोय का माझा आवाज?"

"येतोय," ती म्हणाली.