आईची जिवंत पेशी

“आईला घेऊन या, मग आईचं नाव सांगतो,” असं गुंजकर साहेब अकराव्यांदा म्हणाले, तेव्हा शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, आई कोण ते ठाऊक असतं, तर तिनं या जन्मनोंद भवनाचे उंबरठे कशाला झिजवले असते!

दत्तक गेलेल्या बाळांचे मूळ जन्मदाखले इथे जनुक-कुलपात बंद असत. नियम एका ओळीचा: जन्मदात्रीची एक जिवंत पेशी आणा, तीच तिची संमती, कुलूप उघडेल. शाल्मली एकेचाळीस वर्षांची झाली होती. तिला आईचं नाव हवं होतं आणि ती हयात असेल तर एकदा भेट.

या खेपेला मात्र ती एकटी आली नव्हती. सोबत पेशीशास्त्रज्ञ डॉ. रुक्साना मुजावर होत्या. त्यांनी बोटाएवढी कुपी टेबलावर ठेवली.

“ही घ्या आईची पेशी.”

“कुठून आणलीत?” गुंजकर चमकले.

“हिच्याच रक्तातून. बाळ पोटात असताना आईच्या थोड्या पेशी बाळात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच नांदतात. बाळाच्या पेशीही तशाच आईत जाऊन राहतात. लाखांत एखादीच सापडते; आमच्या पेशी-चाळणीनं ती वेचली.”

“छे, छे! हे नियमात बसत नाही.”

“वाचा की! ‘जिवंत पेशी’ एवढंच लिहिलंय. कुणाच्या अंगातून काढायची, ते लिहायचं राहिलंय तुमचं.”

गुंजकरांनी नियम दोनदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि निमूटपणे कुपी कुलपात बसवली. खट्‌कन कुलूप उघडलं.

पडद्यावर नाव आलं: रोहिणी भगवान टेळे, बार्शी. शाल्मलीनं ते मोठ्यानं वाचलं. मग तिची नजर खाली गेली. ‘मातेचे अर्ज: सतरा.’ शेवटचा गेल्याच महिन्यातला. प्रत्येकापुढे एकच शेरा: ‘नामंजूर. मुलीची जिवंत पेशी आणावी.’

“सतरा वेळा?” शाल्मलीचा आवाज चढला. “तिची संमती हवी म्हणून मला हाकलत होतात, आणि ती स्वतः तुमच्या दारात उभी होती?”

“नियम दोघींना सारखाच आहे, मॅडम,” गुंजकर पुटपुटले. “तिच्याकडे तुमची पेशी नव्हती.”

“नव्हती?” शाल्मलीनं टेबलावर हात आपटला. “आत्ता डॉक्टर काय म्हणाल्या? अहो, सतराही वेळा ती मला अंगात घेऊनच आली होती!”